ईसीजीत दुर्मिळ रिदम डिसऑर्डर निसटू नयेत म्हणून: पट्टी काढण्यापासून रेफर करेपर्यंत काय, कोणत्या क्रमाने बघायचं

हा लेख इंटर्न, तालुक्यातले फॅमिली डॉक्टर, सिस्टर आणि ईसीजी काढणारे टेक्निशियन यांच्यासाठी आहे. बार्शी, सांगोला, मोहोळ, अक्कलकोटकडून सोलापूरला रेफर होऊन येणारे ईसीजी बघताना तेच तेच दिसतं: तरुण पोरगं चक्कर येऊन पडलं म्हणून ईसीजी काढला, वर मशीनने 'नॉर्मल' छापलं, तो कागद फाईलला लागला आणि क्यूटी (क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचा टोकदार आकार, सुरू झाल्यापासून टी वेव्ह संपेपर्यंतचा वेळ) हाताने कुणी मोजलाच नाही. ब्रुगाडा, लाँग क्यूटी, डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयाच्या विद्युतप्रवाहातले बहुधा जन्मजात दोष) ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, परीक्षेत लिहूनही झालीत. चुकतं ते क्रमात. आधी काय विचारायचं, इलेक्ट्रोड कुठे लावायचे, फिल्टर कुठला बंद ठेवायचा आणि मग कागदावर नजर कुठून कुठे न्यायची, हे ठरलेलं नसलं की दुर्मिळ आजार समोर असूनही दिसत नाही.

पेशंट किंवा नातेवाईक वाचत असाल तर एवढंच सांगतो, यातलं काही बघून स्वतःच्या कागदावर निदान लावू नका, पण पायरी १ मधले प्रश्न नीट वाचा आणि त्यांची उत्तरं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, त्याचा खूप उपयोग होतो.

पायरी १: मशीन लावायच्या आधी पाच मिनिटं विचारपूस

'चक्कर आली' यावर थांबायचं नाही. आपल्याकडे चक्कर, फिट, आकडी, भोवळ, 'डोळ्यापुढे अंधारी' हे सगळं एकाच अर्थाने बोललं जातं, त्यामुळे पेशंटपेक्षा ज्याने पडताना बघितलं त्याला विचारा, तो घरी असेल तर फोन लावा. विचारायचं असं:

पडताना काय चालू होतं? पळताना, कबड्डी खेळताना, विहिरीत उडी मारल्यावर, की झोपेत? पोहताना किंवा पळताना शुद्ध गेली तर लाँग क्यूटी टाईप १ आणि सीपीव्हीटी (पळताना किंवा ताणात जीवघेणे वेगवान ठोके आणणारा आनुवंशिक आजार) डोक्यात आलेच पाहिजेत. फोनची रिंग, अलार्म, फटाका अशा अचानक आवाजाने दचकून पडलं तर टाईप २. पहाटे झोपेत विचित्र घोरल्यासारखा श्वास आणि मग निपचित, तर ब्रुगाडा किंवा टाईप ३.

पडायच्या आधी मळमळ, घाम, कान बंद झाल्यासारखं होत होतं का? बराच वेळ उभं राहून, उन्हात, रांगेत असं झालं असेल तर बहुतेक वेळा साधी व्हॅसोव्हेगल चक्कर असते. काहीच सूचना न देता धाडकन पडून तोंडाला लागलं असेल तर रिदमचा संशय वाढतो.

घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का? इथे 'हार्ट अटॅक आला होता का' असं विचारू नका, लोक नाही म्हणतात. 'पट्टीचा पोहणारा असून विहिरीत बुडाला असं कोणी आहे का', 'रात्री झोपला आणि सकाळी उठलाच नाही असं कोणी', 'पाळण्यातलं बाळ गेलंय का', 'कुणाला फिटची गोळी चालू आहे का' असं विचारा, मग आजीला एकेक आठवायला लागतं.

आई-वडील नात्यातले आहेत का? आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही नवी गोष्ट नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारायला लाजू नका. जन्मापासून बहिरं असलेलं मूल आणि त्याला पडण्याचे झटके, आई-वडील नात्यातले, ही जर्व्हेल-लँग-नील्सन सिंड्रोमची कहाणी असू शकते आणि त्यात क्यूटी बराच लांब असतो. अशी मुलं मूकबधिर शाळेत 'फिट येते' म्हणून वर्षानुवर्षं राहतात.

औषधं? अझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्परिडोन, फ्लुकोनाझोल, हॅलोपेरिडॉल, एस्सिटालोप्राम, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ही सगळी क्यूटी लांबवतात आणि जुलाब-उलटीच्या पेशंटला यातली दोन-तीन एकाच चिठ्ठीत असतात, वर पोटॅशियम आधीच घसरलेलं. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर डिहायड्रेट होऊन आलेल्या वारकऱ्याला हे लागू, तसंच फवारणीचं औषध पोटात गेलेल्या शेतकऱ्यालाही, कारण ऑर्गनोफॉस्फरसच्या विषबाधेतही क्यूटी लांबतो. गावठी काढा, विशेषतः बचनाग असलेलं काही घेतलंय का तेही विचारा, कारण पायरी ७ मध्ये लागणार आहे.

> तपासा: पहिल्यांदा 'फिट' आलेल्या प्रत्येक पेशंटचा, लहान मूल असलं तरी, बारा लीडचा ईसीजी झालाय का? मेंदूचा सीटी झाला आणि ईसीजी राहिला असं वारंवार होतं.

पायरी २: कागद भरवशाचा काढणं

माझ्या मते निम्मं निदान इथेच हुकतं, आणि या पायरीला सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की पेशंट घामाने निथळत येतो आणि इलेक्ट्रोड सरकतात. आधी कापडाने छाती पुसा, तेल लावलेलं असेल तर स्पिरिटने पुसा, केस दाट असतील तर तेवढ्या जागी काढा. थंडीत उलट, पेशंट कुडकुडतो आणि बेसलाईन थरथरते, अंगावर चादर टाका आणि दोन मिनिटं थांबा. कूलर, मोबाईल चार्जर बेडपासून लांब. या दोन गोष्टी न करता सरळ मसल फिल्टर ऑन केला जातो, आणि तिथेच बारीक खुणा पुसल्या जातात.

क्रम असा ठेवा.

१. स्पीड २५ मिलिमीटर प्रतिसेकंद, उंची १० मिलिमीटर प्रतिमिलिव्होल्ट. कागदावर कॅलिब्रेशनचा खांब बरोबर दहा छोटे चौकोन उंच आलाय का बघा.

२. फिल्टर ०.०५ ते १५० हर्ट्झ. ५० हर्ट्झचा मेन्स फिल्टर चालेल. पण २५, ३५ किंवा ४० हर्ट्झचा मसल फिल्टर लावला की एप्सिलॉन वेव्ह (क्यूआरएस संपल्यावरची बारीक थरथर) आणि बारीक डेल्टा वेव्ह (क्यूआरएसची कललेली सुरुवात) गुळगुळीत होऊन जातात, आणि खालची मर्यादा ०.५ हर्ट्झ ठेवली तर एसटी सेगमेंटचा (क्यूआरएस आणि टी यांच्या मधल्या भागाचा) आकार बिघडतो, नसलेलं ब्रुगाडा दिसू शकतं.

३. हातापायाच्या क्लिप: लाल उजवा हात, पिवळी डावा हात, हिरवी डावा पाय, काळी उजवा पाय.

४. व्ही-१, व्ही-२ चौथ्या इंटरकॉस्टल स्पेसमध्येच. अंदाजाने लावायचं नाही. गळ्याखालच्या खाचेतून बोट खाली आणा, छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी स्पेस, तिथून मोजत चौथीत या. हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. नंतर व्ही-४ पाचव्या स्पेसमध्ये मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर, मग मधे व्ही-३, आणि व्ही-४ च्याच आडव्या पातळीत व्ही-५ व व्ही-६. बाईमाणसाच्या बाबतीत संकोचाने व्ही-१, व्ही-२ वर आणि व्ही-४ भलतीकडे लागते, तिथे सिस्टरना घ्या, पडदा ओढा, पण जागा बरोबरच ठेवा.

५. बारा लीड झाल्यावर लीड टू ची लांब रिदम स्ट्रिप. पडण्याची किंवा धडधडीची तक्रार असेल तर एक पान पुरत नाही, अजून दोन काढा.

> सावधान: व्ही-१, व्ही-२ एक स्पेस वर गेल्या तर साध्या माणसाच्या पट्टीतही आर-प्राईम (क्यूआरएसमधलं वर जाणारं दुसरं टोक) उगवतो आणि विनाकारण ब्रुगाडाची धास्ती बसते.

> तपासा: लीड वन मध्ये पी (वरच्या कप्प्यांची लहर) आणि क्यूआरएस दोन्ही उलटे आणि एव्हीआर सरळ? मग लाल-पिवळी अदलाबदल झालीय, पुन्हा काढा. छातीच्या लीडमध्येही आर वेव्ह पुढे वाढत जात नसेल तर डेक्स्ट्रोकार्डिया (हृदय उजव्या बाजूला असणं) बघा. लीड टू जवळपास सपाट? लाल आणि काळी बदललीय.

पायरी ३: वाचताना नजर जोडाच्या जागांवर

मशीनने वर काय छापलंय ते हाताने झाका. खरंच झाका, एकदा 'नॉर्मल' वाचलं की डोळे आळशी होतात. रेट, रिदम, अॅक्सिस नेहमीप्रमाणे बघून घ्या, ते इथे पुन्हा सांगत नाही. दुर्मिळ आजारांसाठी त्यानंतर चार जोड बघायचे: पी संपून क्यूआरएस सुरू होतो ती जागा, क्यूआरएस संपतो ती जागा, एसटी संपून टी सुरू होतो ती जागा, आणि टी बेसलाईनला येतो ती जागा. डेल्टा पहिल्या जोडात असते, ब्रुगाडा आणि एप्सिलॉन दुसऱ्यात, लाँग क्यूटीचे प्रकार तिसऱ्या-चौथ्यात. पुढच्या पायऱ्या याच जोडांच्या आहेत, फक्त सगळ्यात जास्त चुका क्यूटीत होतात म्हणून तो आधी घेतलाय.

पायरी ४: क्यूटी हाताने मोजा

लीड टू किंवा व्ही-५ घ्या. टी वेव्हच्या उतरत्या बाजूला जिथे उतार सगळ्यात तीव्र आहे तिथे पट्टीने स्पर्शरेषा ओढा, ती बेसलाईनला जिथे छेदते तो टी चा शेवट. नंतर येणारी छोटी वेगळी यू वेव्ह धरायची नाही. टी ला दोन कुबडं असतील आणि दुसरं मोठं असेल, तर ती यू नसून टी चाच भाग असू शकते, मग ती धरायची आणि पत्रात तसं लिहायचं. क्यूआरएसच्या सुरुवातीपासून त्या बिंदूपर्यंतचे छोटे चौकोन मोजा, प्रत्येक ४० मिलिसेकंद.

समजा क्यूटी ११ चौकोन, म्हणजे ४४० मिलिसेकंद. आरआर (दोन ठोक्यांमधलं अंतर) १८ चौकोन, म्हणजे ०.७२ सेकंद, रेट साधारण ८३. बॅझेटच्या सूत्रात क्यूटीला आरआरच्या वर्गमुळाने भागायचं: ०.७२ चं वर्गमूळ सुमारे ०.८५, म्हणून क्यूटीसी (रेटचा हिशेब धरून काढलेला क्यूटी) जवळपास ५१९. हा धोक्याचा आकडा आहे, आणि नुसता ४४० वाचला असता तर कुणाचंही लक्ष गेलं नसतं.

आता उलटं उदाहरण. तापलेला पेशंट, रेट १२०, आरआर ०.५ सेकंद, क्यूटी ३२०. बॅझेटने ४५३ येतं आणि आपण घाबरतो, फ्रिडेरिशियाने, म्हणजे घनमूळ घेऊन, ४०३ येतं. रेट जास्त असला की बॅझेट फुगवून सांगतो, रेट कमी असला की कमी दाखवतो, म्हणून ६० च्या खाली किंवा १०० च्या वर रेट असेल तर फ्रिडेरिशिया वापरा किंवा रेट शांत झाल्यावर पुन्हा काढा.

आकडे लक्षात ठेवायचे ते एवढे: क्यूटीसी पुरुषात ४५०, बाईत ४६० च्या वर लांब समजायचा, कारण न सापडता पुन्हा पुन्हा काढून ४८० किंवा जास्त येत असेल तर लाँग क्यूटी सिंड्रोमचं निदान जवळजवळ पक्कं, ५०० च्या वर कुणाचाही असो, त्या पेशंटला घरी पाठवायचं नाही. ३४० च्या आसपास किंवा खाली असेल, टी उंच टोकदार आणि एसटी जवळजवळ नाहीच, तर शॉर्ट क्यूटी. तो फारच विरळ, पण मशीन त्याला नॉर्मल म्हणून सोडून देतं.

लांब क्यूटी सापडला की टी चा आकार बघा. रुंद, पसरट टी असेल तर टाईप १ कडे झुकतं, बुटका आणि खाच पडलेला टी टाईप २, लांबलचक सपाट एसटी आणि मग उशिरा उगवलेला टी टाईप ३. आकारावरून जनुक ठरवू नका, ते जेनेटिक टेस्टचं काम आहे, पण पायरी १ मधल्या कहाणीशी जुळलं की संशयाला वजन येतं.

> सावधान: रुंद क्यूआरएस असेल, बंडल ब्रँच ब्लॉक किंवा पेसिंग, तर क्यूटी आपोआप लांब दिसतो. त्यावर लाँग क्यूटीचा शिक्का मारू नका, वरच्या डॉक्टरांना दाखवा.

> तपासा: पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम पाठवलं का? संशयित औषध बंद करून दोन-तीन दिवसांनी पुन्हा ईसीजी काढला का? वर्षानुवर्षं अॅसिडिटीची गोळी घेणाऱ्याचं मॅग्नेशियम कमी असू शकतं हे विसरलं जातं.

एका ईसीजीत क्यूटीसी ४४० ते ४७० च्या मधे आला तर 'बॉर्डरलाईन' लिहून सोडू नका. लाँग क्यूटी असलेल्या बऱ्याच जणांचा आरामातला ईसीजी नॉर्मलच्या हद्दीत असतो. ट्रेडमिल संपल्यावर चौथ्या मिनिटाला क्यूटीसी ४८० किंवा जास्त राहिला तर संशय वाढतो, म्हणून रिकव्हरीच्या पट्ट्या फेकून देऊ नका, पेशंट उतरला की लगेच वायरी काढायची घाई असते तीही टाळा.

पायरी ५: पीआर आणि डेल्टा

पीआर (पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचा वेळ) तीन छोट्या चौकोनांपेक्षा कमी, क्यूआरएसची सुरुवात जाड आणि कललेली, क्यूआरएस थोडा रुंद: डब्ल्यूपीडब्ल्यू. हे फार दुर्मिळ नाही, पण निसटतं दोन कारणांनी. एक म्हणजे डेल्टा कधी दिसते, कधी नाही, कधी अगदी पुसट असते. अशा वेळी व्ही-६ मध्ये सुरुवातीची बारीक क्यू आहे का बघा, ती ठळक असेल तर डेल्टाची शक्यता कमी होते, नसेल तर अजून पट्ट्या काढा. दुसरं म्हणजे टू, थ्री, एव्हीएफ मध्ये डेल्टा उलटी असली की ती जुन्या इन्फिरियर अटॅकच्या क्यू सारखी दिसते, आणि पंचविशीच्या पोराला अॅस्पिरिन-स्टॅटिन चालू होतात.

पायरी ६: व्ही-१ ते व्ही-३

ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये वर्णन केलेला पॅटर्न तीन प्रकारांत सांगायची पद्धत होती, पण निदान लागतं ते टाईप १ वरच: व्ही-१ किंवा व्ही-२ मध्ये जे पॉइंट (क्यूआरएस संपतो तो बिंदू) दोन मिलिमीटर किंवा जास्त वर, तिथून एसटी घसरगुंडीसारखा खाली येतो आणि उलट्या टी त मिळतो. खोगिरासारखा, मधे खळगा आणि पुन्हा सरळ टी, असा असेल तो टाईप २, त्यावर निदान लावता येत नाही, फक्त शोध पुढे न्यायचा. टाईप २ आणि साधा आर-प्राईम वेगळा करायचा असेल तर आर-प्राईमच्या टोकापासून पाच मिलिमीटर खाली या आणि तिथे त्रिकोणाची रुंदी मोजा. साडेतीन मिलिमीटरच्या वर असेल तर ब्रुगाडाचा संशय धरा, अरुंद असेल तर बहुतेक साधा आर-प्राईम.

पुढे करायचं काय तर व्ही-१, व्ही-२ आधी तिसऱ्या, मग दुसऱ्या स्पेसमध्ये लावून दोन जास्तीच्या पट्ट्या काढायच्या. इथे मुद्दाम वर लावतोय, पायरी २ मधल्यासारखं चुकून नाही, म्हणून कागदावर पेनाने 'व्ही-१, व्ही-२ तिसरी स्पेस' असं लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचा डॉक्टर गोंधळतो. आणि ताप असताना ईसीजी काढून ठेवा, ब्रुगाडा तापात उघडं पडतं आणि ताप उतरला की लपतं. डेंग्यूच्या सिझनला तापात बेशुद्ध झालेल्या तरुणाचा ईसीजी 'तापाने अशक्तपणा' म्हणून सोडू नका. ताप पॅरासिटामॉलने लगेच उतरवायचा आणि पेशंट मॉनिटरवर ठेवायचा.

> सावधान: छातीत दुखतंय आणि व्ही-१, व्ही-२ मध्ये एसटी वर, तर आधी हार्ट अटॅक धरूनच धावपळ करा, दुर्मिळ निदानासाठी वेळ घालवायचा नाही. किडनीच्या पेशंटमध्ये असाच पॅटर्न पोटॅशियम वाढल्याने येतो, तो आधी बघा.

आता त्याच तीन लीडमध्ये दुसरी गोष्ट, एआरव्हीसी (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूचा आनुवंशिक आजार). वय चौदाच्या पुढे, पूर्ण राईट बंडल ब्रँच ब्लॉक नाही, आणि तरी टी वेव्ह व्ही-१ ते व्ही-३ उलट्या. लहान मुलांत हे नॉर्मल असतं, काही बायकांत व्ही-२ पर्यंत उलटा टी राहतो, म्हणून वय आणि कुठल्या लीडपर्यंत हे दोन्ही लिहा. क्यूआरएस संपल्यावर आणि टी च्या आधी एक अगदी छोटी थरथर दिसली तर ती एप्सिलॉन. एस वेव्हच्या तळापासून क्यूआरएस संपेपर्यंत ५५ मिलिसेकंद किंवा जास्त लागत असतील तर तेही त्याच बाजूला जातं.

एप्सिलॉन शोधायला फोंटेन लीड लावतात, कुठल्याही साध्या मशीनवर होतात: लाल क्लिपचा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या भागावर, पिवळा त्याच हाडाच्या खालच्या टोकावर, हिरवा व्ही-४ च्या जागी, काळा आहे तिथेच, उंची दुप्पट म्हणजे २० मिलिमीटर, स्पीड ५०, मसल फिल्टर बंद, आणि मग लीड वन, टू, थ्री वाचायच्या. क्लिप छातीवर बसत नाहीत, चिकटवायचे इलेक्ट्रोड घ्या.

तळहात-तळपाय लहानपणापासून जाड आणि केस लोकरीसारखे कुरळे असतील तर एआरव्हीसी त्याच्याशी जोडलेला असू शकतो. यंत्रमागावर किंवा बांधकामावर काम करणाऱ्याच्या हाताला घट्टे असतातच, म्हणून 'कधीपासून' आणि 'भावंडांचेही असेच आहेत का' हे विचारून मगच काही ठरवा.

पायरी ७: आरामातला ईसीजी नॉर्मल, तरी पोरगं पळताना पडतंय

सीपीव्हीटीत आरामातला ईसीजी नॉर्मल असतो आणि इकोही नॉर्मल. निदान लागतं ते ट्रेडमिलवर: वेग वाढत जातो तसे आधी एकेक एक्स्ट्रा ठोके, मग जोड्या, आणि काही जणांत बायडायरेक्शनल व्हीटी (व्हीटी म्हणजे खालच्या कप्प्यांतून येणारे वेगवान ठोके), म्हणजे एका ठोक्याआड क्यूआरएसची दिशा उलटते. शाळेच्या ग्राउंडवर पडलेल्या पोराला 'ईसीजी नॉर्मल आहे, खेळू द्या' असं सांगून पाठवणं ही या लेखातली सगळ्यात धोक्याची चूक, आणि ती चांगले डॉक्टरही करतात. ट्रेडमिल होईपर्यंत पळणं, पोहणं बंद. टेस्ट जिथे डिफिब्रिलेटर आणि तो चालवणारा माणूस शेजारी आहे तिथेच.

बायडायरेक्शनल व्हीटी आरामातच दिसली तर डिगॉक्सिनची विषबाधा आणि बचनाग आधी आठवा. मोठ्या यू वेव्ह आणि मधूनच हातापायातलं बळ जाण्याचे झटके असतील तर अँडरसन-तवील सिंड्रोम.

पायरी ८: टॅकिकार्डिया (खूप वेगाचे ठोके) चालू असतानाच पेशंट आला तर

बीपी पडलंय, शुद्ध हरपतेय तर शॉक द्या, वाचत बसू नका. बीपी बरं असेल तर औषध भरायच्या आधी बारा लीड काढा, एका लीडच्या मॉनिटरवर भागवू नका. ठोके थांबल्यावर तो पुरावा पुन्हा मिळत नाही. औषध देताना आणि ठोके तुटताना पट्टी चालू राहू द्या, आणि नंतर सायनसमधला (नेहमीच्या लयीतला) ईसीजी वेगळा काढा.

रुंद क्यूआरएस, अजिबात नियमित नाही, प्रत्येक ठोक्याची रुंदी वेगळी, कुठे कुठे रेट २०० च्या वर: डब्ल्यूपीडब्ल्यू असलेल्याचं एट्रियल फिब्रिलेशन (वरचे कप्पे अनियमित थरथरणं). यात व्हेरापामिल, डिल्टियाझेम, बीटाब्लॉकर, डिगॉक्सिन, अॅडेनोसिन द्यायचं नाही, व्हीएफ (खालचे कप्पे नुसते थरथरून रक्त पुढे न जाणं) होऊ शकतं. सिंक्रोनाइज्ड शॉक हा सुरक्षित रस्ता. दोन ठोक्यांमधलं सगळ्यात कमी अंतर २५० मिलिसेकंद किंवा कमी असेल तर ते पत्रात ठळक लिहा.

तरुण पेशंट, हृदय चांगलं, क्यूआरएस फार रुंद नाही, राईट बंडलसारखा आकार पण अॅक्सिस डावीकडे: फॅसिक्युलर व्हीटी. एसव्हीटी (वरच्या भागातून येणारे वेगवान ठोके) समजून अॅडेनोसिन दिलं जातं आणि सहसा फरक पडत नाही. पी वेव्ह क्यूआरएसशी फारकत घेऊन चालल्यात का, मधेच एखादा अरुंद ठोका येतोय का हे शोधा, तीच व्हीटीची खूण. ही व्हीटी व्हेरापामिलने थांबते, पण रुंद क्यूआरएसला व्हेरापामिल देणं हा नियम नाहीच, म्हणून कार्डिओलॉजिस्टला फोनवर पट्टी दाखवल्याशिवाय देऊ नका.

क्यूआरएसची टोकं वर-खाली पिळवटत जाताहेत आणि आधीच्या पट्टीत क्यूटी लांब आहे: टोर्साड. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून, पोटॅशियम ४.५ च्या वर न्या, क्यूटी लांबवणारं सगळं बंद. अमायोडॅरोन इथे देऊ नका, ते स्वतःच क्यूटी लांबवतं.

आणि एक शांत दिसणारा प्रकार. लहान मूल, इकोवर हृदय मोठं आणि पंपिंग कमी, ठोके झोपेतसुद्धा १५० च्या पुढे. कागदावर सायनस टॅकिकार्डिया छापलेलं. टू, थ्री, एव्हीएफ मध्ये पी उलटी आणि पी क्यूआरएसच्या मागे लांब राहिलेली असेल, तर ती पीजेआरटी (जवळजवळ सतत चालू राहणारी एक प्रकारची एसव्हीटी) असू शकते आणि हृदय त्या ठोक्यांमुळेच थकलेलं असतं. ॲब्लेशनने किंवा औषधाने ठोके थांबले की पंपिंग बऱ्याचदा सुधारतं, म्हणून प्रत्येक 'डायलेटेड' मुलाची पी वेव्ह बघा.

पायरी ९: कागद जपणं, पत्र, आणि घरचे लोक

थर्मल कागद आपल्या उन्हात गाडीत राहिला तर काळा पडतो आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पुसट होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाईलला लावा. मोबाईलवर पाठवायचा असेल तर कागद सपाट ठेवून सरळ वरून फोटो, चारही कडा आणि कॅलिब्रेशनचा खांब दिसेल असा. तिरका फोटो किंवा कापलेला तुकडा पाठवला तर समोरचा चौकोन मोजू शकत नाही.

पत्रात 'एबनॉर्मल ईसीजी, ॲडव्हाइज कार्डिओ' एवढंच नको. पडताना काय चालू होतं, घरात कोण कसं गेलं, चालू औषधं, ताप होता का, पोटॅशियम किती, क्यूटी-आरआर चे हाताने मोजलेले आकडे आणि कुठलं सूत्र, व्ही-१, व्ही-२ कुठे लावल्या, आणि मूळ पट्ट्या सोबत. सिव्हिलला पाठवा नाहीतर खासगीत, पेशंटबरोबर एक शुद्धीत असलेला, घरची माहिती असलेला माणूस द्या. संशय पक्का असेल तर वाटेत मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर असलेली ॲम्ब्युलन्सच, एसटीने किंवा मोटारसायकलवर मधे बसवून नाही.

निदान लागल्यावर पेशंटच्या हातात टाळायच्या औषधांची यादी मराठीत लिहून द्या आणि ती पाकिटात ठेवायला सांगा, मेडिकल दुकानदाराला आणि दाताच्या डॉक्टरांनाही दाखवायची. क्यूटीच्या औषधांसाठी क्रेडिबलमेड्सची यादी ऑनलाईन बघता येते, चिठ्ठी लिहिताना शंका आली तर तीच उघडा.

मग आई, वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचे ईसीजी. 'त्याला काही होत नाही' असं म्हणणाऱ्याचाही. ब्रुगाडाचा संशय असेल तर घरच्यांच्याही वरच्या स्पेसच्या पट्ट्या, लाँग क्यूटी असेल तर प्रत्येकाचा क्यूटी हाताने मोजून, आणि सीपीव्हीटी असेल तर नुसता ईसीजी उपयोगाचा नाही, चालता येणाऱ्या प्रत्येकाची ट्रेडमिल. कुणी पुण्या-मुंबईला कामाला असेल तर त्याला पेशंटच्या ईसीजीची झेरॉक्स आणि निदान लिहिलेली चिठ्ठी पाठवा, नाहीतर तिथला डॉक्टर काय शोधायचं ते न कळता 'नॉर्मल' लिहून परत पाठवेल.